मी इथं चुकून आले का? : तोतयेपणाच्या भावनेचं मोजमाप

निकाल लागला की आपल्या होस्टेलमध्ये दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात. ज्याचा एम-टू राहिला तो म्हणतो, "आपली लायकीच नव्हती यार." हे वाक्य बरोबर नसलं तरी त्याचा हिशेब निदान कळतो. गोंधळ होतो तो दुसऱ्या वाक्यात. जिला नऊच्या वर पॉइंटर मिळाला तीसुद्धा म्हणते, "पेपरच सोपा होता गं. ओरलला सर चांगल्या मूडमध्ये होते. पुढच्या सेमला उघडं पडणार बघ सगळं."

पहिल्यांदा ऐकताना ही नम्रता वाटते. काही वेळा ती नम्रताच असते. पण काही जणींच्या बाबतीत ती रात्री झोप उडवणारी खरी भीती असते. गुण मिळाले, बक्षीस मिळालं, कॅम्पसमध्ये नाव लागलं, तरी आतून एकच वाटत राहतं की ही सगळी माणसं माझ्याबद्दल फसली आहेत आणि एक दिवस त्यांना ते कळणार आहे. मानसशास्त्रात या अनुभवाला नाव आहे, तो मोजायच्या पट्ट्या आहेत आणि त्या पट्ट्यांवरून वादही आहेत. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी आहे. मोजमाप म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, उपकरण कुठलं आणि त्याची एरर किती? मित्रमैत्रिणींनो, या लेखात तोच प्रश्न या भावनेला लावून बघूया.

नाव कुठून आलं?

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक शोधनिबंध लिहिला. शिक्षणात आणि नोकरीत चांगलं यश मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी त्या कित्येक वर्षं बोलत होत्या. पदव्या होत्या, मानसन्मान होते, तरीही यातल्या अनेकींना आपण खरोखर हुशार आहोत असं वाटत नव्हतं. निवड समितीची काहीतरी चूक झाली, नशीब जोरावर होतं, कोणीतरी माझं जास्तच कौतुक केलं, अशी कारणं त्या देत.

क्लान्सबाई स्वतः अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशिया या डोंगराळ भागात वाढल्या. वडील लाकडाची गिरणी चालवत. तिथून निघून मोठ्या विद्यापीठात पीएच.डी. करताना आपण इथं शोभत नाही ही भावना त्यांनी स्वतः अनुभवली होती. म्हणजे या संशोधनाची सुरुवातच गावाकडून मोठ्या शिक्षणसंस्थेत आलेल्या मुलीच्या अनुभवातून झाली. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव ते अ‍ॅपलेशिया हे अंतर नकाशावर दिसतं तेवढं नाही!

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यांनी 'सिंड्रोम' हा शब्द वापरला नव्हता, 'फिनॉमिनन' म्हणजे घडणारी गोष्ट असं म्हटलं होतं. हा आजार नाही. मनोविकारांच्या अधिकृत याद्यांमध्ये त्याचं नाव नाही. 'मला इम्पोस्टर सिंड्रोम झालाय' हे 'मला टायफॉइड झालाय' यासारखं वाक्य नाही. सुरुवातीला वाटलं तसा हा फक्त स्त्रियांचाही अनुभव नाही. २०२० साली डेना ब्रवाटा आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या ६२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या ३३ अभ्यासांत स्त्री-पुरुष तुलना होती. १६ अभ्यासांत स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त निघालं, १७ अभ्यासांत फरक सापडला नाही. तेव्हा बॉईज होस्टेलवाल्यांनी पान उलटू नये.

तोतया, पण उलटा

'इम्पोस्टर'ला मराठीत फार चांगला शब्द आहे, तोतया. तो शब्द आपल्या इतिहासात घट्ट बसलेला आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक माणूस उभा राहिला. चौकशी झाली, साक्षी झाल्या, तो कैदेत गेला. नंतर सुटून त्याने कोकणात बंड केलं आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटकही लिहिलं.

आता फरक बघा. त्या तोतयाला पक्कं ठाऊक होतं की आपण खोटे आहोत, आणि तो जगाला आपण खरे म्हणून सांगत होता. आपल्या होस्टेलमधली मुलगी खरी आहे. सीईटी तिनेच दिली, शीट तिनेच काढली, प्रोग्राम तिनेच रन केला. जग तिला खरी म्हणतंय आणि ती मनातल्या मनात स्वतःला खोटी ठरवतेय. तोतया पुराव्याशिवाय हक्क सांगतो, ही पुरावा हातात असून हक्क सोडते. म्हणून या लेखात मी 'तोतयेपणाची भावना' असं म्हणते. तोतयेपण नव्हे, फक्त त्याची भावना.

चक्र कसं फिरतं?

क्लान्स यांनी या भावनेचं एक चक्र सांगितलं आहे. ते आपल्या सबमिशनवर बसवून बघू.

काम समोर येतं, समजा मशीन्सचा व्हायवा. लगेच धास्ती सुरू होते. मग दोन वाटा फुटतात. पहिली वाट गरजेपेक्षा तिप्पट तयारीची, म्हणजे चार प्रश्नांसाठी अख्खं पुस्तक पाठ करायचं. दुसरी वाट टाळाटाळीची, म्हणजे रात्री दोनपर्यंत मेसच्या कट्ट्यावर बसायचं आणि मग पहाटे धावपळ. व्हायवा होतो, चांगला होतो. थोडा वेळ हायसं वाटतं. आणि मग निवाडा लागतो. तिप्पट तयारी करणारी म्हणते, "एवढं घासलं म्हणून जमलं, डोकं कुठंय मला?" टाळाटाळ करणारा म्हणतो, "नशिबाने वाचलो." दोघांच्याही वहीत यशाची नोंद स्वतःच्या नावावर पडतच नाही. पुढचं काम आलं की चक्र पुन्हा शून्यापासून सुरू.

कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना हे पटकन कळेल. प्लांट चालतोय, आउटपुट बरोबर येतंय, पण फीडबॅकची वायर कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. कंट्रोलरला सतत वाटतं की आउटपुट शून्य आहे, म्हणून तो जोर वाढवत राहतो. मोटर तापते. म्हणूनच 'अजून यश मिळव म्हणजे आत्मविश्वास येईल' हा सल्ला इथं लागू पडत नाही. यश वाढवून उपयोग नाही, तुटलेली वायर जोडायला हवी.

मोजायचं कशानं?

या भावनेसाठी अनेक प्रश्नावल्या तयार झाल्या. १९८१ मध्ये हार्वी यांची १४ विधानांची, १९८५ मध्ये क्लान्स यांची २० विधानांची, १९९१ मध्ये कोलिजियन आणि स्टर्नबर्ग यांची ५१ विधानांची. सर्वात जास्त वापरली जाते ती क्लान्स यांची. ती मापनी लेखिकेच्या परवानगीने वापरायची असते, म्हणून इथं तिची विधानं छापत नाही. रचना मात्र सांगते.

प्रत्येक विधानापुढे १ ते ५ पर्याय असतात. 'मुळीच नाही' ला १, 'क्वचित' ला २, 'कधीकधी' ला ३, 'बऱ्याचदा' ला ४ आणि 'अगदी खरं' ला ५. विसांची बेरीज करायची. ४० पर्यंत भावना कमी, ४१ ते ६० मध्यम, ६१ ते ८० वारंवार, ८० च्या वर तीव्र.

आता उपकरण उघडून बघूया.

पहिली गोष्ट म्हणजे ही पट्टी शून्यापासून सुरू होत नाही. सगळीकडे 'मुळीच नाही' लिहिलं तरी २० गुण होतात. कोणी '१०० पैकी ४०' असं ऐकून घाबरलं, तर त्यातले २० नुसते हजेरीचे आहेत हे लक्षात घ्यावं.

दुसरी गोष्ट सीमांची. सगळीकडे 'क्वचित' लिहिलं तर बरोबर ४०, सगळीकडे 'कधीकधी' लिहिलं तर ६०, सगळीकडे 'बऱ्याचदा' लिहिलं तर ८०. म्हणजे सीमा २, ३ आणि ४ या सरासरीवर नीटनेटक्या आखलेल्या आहेत. वाचायला त्या सोयीच्या आहेत, पण पाणी १०० अंशांना उकळतं तशी ६१ वर माणसाच्या मनात काही उकळी फुटत नाही. वीस ठिकाणी 'कधीकधी' लिहिणारी ६० वर मध्यम ठरते. तिने एकाच ठिकाणी 'बऱ्याचदा' लिहिलं की ती 'वारंवार' गटात गेली.

याचा परिणाम काय होतो ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघू. समजा दहा मुलींचे गुण असे आले: ३८, ४५, ५२, ५७, ५९, ६१, ६२, ६४, ७१, ८३. 'किती टक्के मुलींना ही भावना आहे?' असं रेक्टर मॅडमनी विचारलं. ४१ पासून पुढे मोजलं तर उत्तर ९० टक्के. ६१ पासून मोजलं तर ५० टक्के. काही संशोधकांनी १९९३ मध्ये ६२ ही सीमा सुचवली होती, ती धरली तर ४० टक्के. फक्त ८० च्या वरचे धरले तर १० टक्के. मुली त्याच, उत्तरं त्याच दिवशी दिलेली, आणि आकडा १० ते ९० कुठंही!

हा नुसता वहीतला खेळ नाही. ब्रवाटा यांच्या आढाव्यात मिळून १४,१६१ माणसं होती आणि वेगवेगळ्या अभ्यासांत या भावनेचं प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत निघालं. कोणती मापनी वापरली आणि सीमा कुठे आखली यावर ते ठरत होतं. तेव्हा 'सत्तर टक्के लोकांना इम्पोस्टर सिंड्रोम असतो' अशी ठाम वाक्यं वाचली की लगेच विचारायचं: कुठल्या पट्टीवर, कुठल्या सीमेला?

एका वाचनावर विश्वास किती?

व्हर्नियरने आपण एकाच जॉबची तीन-चार रीडिंग घेतो, कारण प्रत्येक रीडिंगमध्ये थोडी चूक असते. प्रश्नावलीतही असते. ती किती हे काढायचं सूत्र सोपं आहे. गुणांचं प्रमाण विचलन गुणिले १ वजा विश्वसनीयता यांचं वर्गमूळ. समजा प्रमाण विचलन १२ आणि विश्वसनीयता ०.९ आहे, म्हणजे बरीच चांगली. १ वजा ०.९ म्हणजे ०.१, त्याचं वर्गमूळ ०.३१६, गुणिले १२ म्हणजे साधारण ३.८. पंच्याण्णव टक्के खात्रीसाठी याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे ±७.४ धरायचे. जिचे गुण ६३ आले तिचं 'खरं' माप साधारण ५६ ते ७० यांच्यामध्ये कुठंतरी आहे. मग ५९ वाली 'मध्यम' आणि ६३ वाली 'वारंवार' असा शिक्का मारण्यात काय अर्थ? गटाची सरासरी काढायला ही पट्टी ठीक आहे, एकेका मुलीवर लेबल लावायला जपून.

विश्वसनीयता काढण्यासाठी बहुतेक अभ्यासांत क्रॉनबाख यांचा अल्फा वापरतात. ली क्रॉनबाख यांनी तो १९५१ मध्ये मांडला. समजा ५ विधानं आहेत, प्रत्येकाचं व्हेरिअन्स १.२, म्हणजे बेरीज ६. एकूण गुणांचं व्हेरिअन्स १८. आता ६ भागिले १८ म्हणजे ०.३३, ते १ मधून वजा केलं की ०.६७, आणि त्याला ५ भागिले ४ ने गुणलं की ०.८३. आकडा चांगला दिसतो. पण अल्फा फक्त एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी जुळतात. पाच थर्मामीटर एकाच कंपनीचे, पाचही दोन अंश जास्त दाखवणारे असले तर ते एकमेकांशी उत्तम जुळतील आणि पाचही चुकतील. मापनी खरोखर तोतयेपणाची भावना मोजते की नुसती चिंता, उदासी, कमी आत्मसन्मान मोजते, हा वेगळा प्रश्न आहे. या सगळ्यांशी तिचे गुण चांगलेच जुळतात, त्यामुळे तो प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही.

आपल्या भाषेतली झिरो एरर

अमेरिकेत बनलेली पट्टी विदर्भात आणायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही. 'माझं यश नशिबामुळे आहे' अशा अर्थाचं विधान घ्या. अमेरिकन मुलीने 'अगदी खरं' लिहिलं तर ती स्वतःच्या कष्टांचं श्रेय नाकारतेय असं समजता येईल. आमच्या कामरगावात बारावीला चांगले मार्क पडलेल्या पोरीला कोणी विचारलं तर ती काय म्हणेल? "महाराजांची कृपा, मायबापाची पुण्याई." कारंज्याच्या गुरुमंदिरात नारळ फोडून आलेली मुलगी यापेक्षा वेगळं बोललीच तर लोक म्हणतील, "लय शहाणी झाली काय वं?" आमच्याकडे श्रेय वाटून देणं हा शिष्टाचार आहे. त्यातून तिच्या मनात शंका आहे हे सिद्ध होत नाही. पुण्याई म्हणणारी तीच मुलगी रात्री दहा वाजता प्रॉब्लेम घेऊन बसते आणि सोडवल्याशिवाय उठत नाही.

म्हणजे या विधानावर आपल्याकडचे गुण मुळातच वर सरकलेले असणार. जॉ मिटलेले असताना व्हर्नियर शून्य दाखवत नसेल तर ती झिरो एरर आपण वजा करतो. इथंही ती आधी शोधावी लागेल. पद्धत अशी: एकाने मराठीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. मग आठदहा मुलामुलींसमोर बसून एकेक विधान वाचून घ्यायचं आणि विचारायचं, "हे वाचून तुझ्या मनात काय आलं? हाच आकडा का लिहिला?" हे बोलणं त्यांच्या बोलीत व्हायला हवं. "मला ते साध्य होत नाही" असं कोणी म्हणत नाही. "मले नाई जमत बाप्पा" असं म्हणतात, आणि ते कधी खरं असतं, कधी नुसतं तोंडचं.

सेन्सर बिघडलाय की पाया हलतोय?

पंपाचं व्हायब्रेशन जास्त दाखवलं तर आपण आधी सेन्सर तपासतो. सेन्सर ठीक निघाला तर मग पाया बघतो. तोतयेपणाच्या भावनेत बऱ्याचदा सेन्सरलाच, म्हणजे मुलालाच, दोष देऊन आपण मोकळे होतो. "तू उगाच मनाला लावून घेतोस" हे वाक्य त्यातलंच. मला वाटतं निदान तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, खरोखरचं अंतर. दहावीपर्यंत मराठी माध्यमात 'त्वरण' आणि 'संवेग' शिकलेल्या मुलाला फर्स्ट इयरला सगळं इंग्रजीत ऐकावं लागतं. त्याला काही दिवस कळत नाही हा भ्रम नाही, वस्तुस्थिती आहे. त्यावर उपाय समुपदेशन नव्हे, जादा तास आणि शब्दांची यादी हा आहे. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, म्हणजे हे अंतर खरं आहे हे वरच्या पातळीवरही मान्य झालं आहे.

दुसरी, अंतर नसताना वाटणारं अंतर. हीच खरी तोतयेपणाची भावना.

तिसरी, दुसऱ्यांनी वाटायला लावलेलं अंतर. कोणत्या राऊंडला आलास, कोणत्या कॅटेगरीतून आलास, कुठल्या गावचा, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारले जातात आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, डोकी तीच, फक्त खोलीतली हवा बदलली.

मोठ्या संस्थांमध्ये हे कसं घडतं याची सरकारी नोंदही आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्गात अपुरी मदत आणि होस्टेल, मेस, खेळ यांतही वेगळी वागणूक मिळते, असं त्यात नोंदवलं होतं. अशा ठिकाणी एखादा मुलगा 'मी इथला नाही' म्हणत असेल तर त्याचा सेन्सर अगदी बरोबर चालतोय. त्याला आत्मविश्वासाचं पुस्तक देणं म्हणजे पाया हलत असताना सेन्सर बदलणं.

म्हणूनच महाराष्ट्रात शिक्षण पसरवणाऱ्यांनी नुसत्या शाळा काढल्या नाहीत, वसतिगृहं काढली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी राहू लागली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू-जेवू लागली. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला पुस्तकाइतकीच 'तू इथलाच आहेस' म्हणणारी जागा लागते, हे त्यांना कुठल्याही मापनीशिवाय कळलं होतं.

उपाय: सीनियर्सचं खरं बोलणं

यावर प्रयोग झाले आहेत. विल्सन आणि लिनव्हिल यांनी १९८२ मध्ये गुणांची काळजी लागलेल्या पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना सीनियर्सच्या मुलाखती दाखवल्या. "पहिल्या वर्षी आमचेही गुण कमी होते, नंतर सुधारले," एवढंच त्यात होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत या गटातले ५ टक्के विद्यार्थी कॉलेज सोडून गेले, मुलाखती न पाहिलेल्या गटातले २५ टक्के. नमुना जेमतेम चाळीस जणांचा होता, म्हणून आकडा जपून घ्यायचा. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये ९२ विद्यार्थ्यांवर तासाभराचा असाच प्रयोग केला. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतलं अंतर पुढच्या तीन वर्षांत निम्मं झालं. मग २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. जिथं त्या गटातल्या मुलांना सामावून घेणारं वातावरण होतं, तिथंच गोष्टीचा उपयोग झाला. म्हणजे बी चांगलं असून भागत नाही, वावरही तयार लागतं.

आपल्या होस्टेलसाठी यातून काय निघतं?

सीनियर्ससाठी: "अरे सोपंय रे" हे वाक्य बंद करा. जे तुम्हाला सोपं वाटतं ते समोरच्याला येत नसतं आणि तो मनात म्हणतो, सोपं असून मला येत नाही! त्याऐवजी सांगा: "फर्स्ट सेमला मलाही ग्राफिक्स दिसत नव्हतं. तीन आठवडे गेले. अमुक पुस्तकातून रोज एक शीट काढली, तेव्हा दिसायला लागलं." यात अडचण आहे, कालावधी आहे आणि मार्ग आहे. तिन्ही हवेत.

स्वतःसाठी: वहीचं एक पान चार रकान्यांत भागा. काय साध्य झालं, मी नेमकं काय केलं, कोणाची मदत झाली, नशिबाचा भाग किती. नशिबाचा रकाना मुद्दाम ठेवलाय, कारण तो खोटा नाही. पण लिहायला बसलं की तो बाकीच्या तीन रकान्यांना खाऊन टाकू शकत नाही. पुण्याईलाही जागा राहते आणि कष्टालाही. फीडबॅकची तुटलेली वायर म्हणतात ती हीच.

शिक्षकांसाठी विनंती: व्हायवाला "एवढंही येत नाही?" म्हणण्याऐवजी काय येत नाही ते सांगा. गुण कशाचे कापले हे कळलं की मुलगा स्वतःला कापत नाही. आणि चांगलं काम झालं तर नुसतं 'गुड' न म्हणता काय चांगलं झालं ते एका वाक्यात सांगा. नेमक्या कौतुकाला 'सर चांगल्या मूडमध्ये होते' म्हणून उडवून लावता येत नाही.

आणि भावना एवढ्यावर थांबत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर तो या लेखाचा विषय नाही आणि रूम पार्टनरच्या समजावण्याचाही नाही. त्या दिवशीच रेक्टरांना किंवा घरी सांगा, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. नंबर मेसच्या फळ्यावर लिहून ठेवावा असं मी सुचवते.

सर्वेक्षण करायचं असेल तर

हा लेख वाचून कोणाला होस्टेलमध्ये मोजणी करावीशी वाटेल. जरूर करा, पण आधी एक गणित ऐका. फॉर्मवर नाव नाही म्हणून तो निनावी होतो असं नाही. ब्रांच, वर्ष, मुलगा की मुलगी आणि गाव एवढे चार रकाने ठेवले की संपलं. इन्स्ट्रुमेंटेशन, फायनल इयर, मुलगी, कामरगाव म्हटलं तर अख्ख्या कॉलेजात एकच माणूस निघतो, आणि हा लेख तिनेच लिहिलाय! लहान गावांतून एकटे-दुकटे आलेल्यांनाच ही भावना जास्त छळू शकते, आणि आकडेवारीत ओळखूही तेच पहिले येतात. म्हणून गाव विचारू नका, फार तर शहर की खेडं एवढंच विचारा. पाचांपेक्षा लहान गटाचा आकडा नोटीस बोर्डावर लावू नका. भरणाऱ्याची संमती घ्या, मध्येच सोडायची मुभा द्या. कोणाचे गुण किती हे शिक्षकांना, प्लेसमेंटवाल्यांना आणि रूम पार्टनरला कळता कामा नये. मोजून झाल्यावर काहीच करणार नसाल तर मोजूच नका. जखम मोजून पट्टी न बांधता निघून जाणाऱ्या माणसाला आपण डॉक्टर म्हणत नाही.

आणि मोजलं तर दोनदा मोजा. एकदा फर्स्ट इयरच्या सुरुवातीला, एकदा वर्षाच्या शेवटी. कोण किती तोतया वाटतो यापेक्षा आपल्या होस्टेलमध्ये एक वर्ष राहून ती भावना वाढली की कमी झाली, हा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या आकड्यात मुलाची परीक्षा होते, दुसऱ्यात आपल्या सगळ्यांची.

पेशव्यांच्या काळात खऱ्याखुऱ्या तोतयालासुद्धा चौकशी मिळाली होती, साक्षी तपासल्या गेल्या होत्या. आपण स्वतःवर निकाल देताना तेवढी तरी सवलत स्वतःला द्यावी. पुरावे आपल्याच कपाटात आहेत: हॉल तिकीट, जर्नल, मार्कशीट आणि ती रात्र जागून काढलेली शीट.